डोकं शेवटी

२ जुलै १९४४

आक्का,

दंडवत. हे पत्र तू एकटीनं वाच. आबांना वाचून दाखवायचं पत्र वेगळं धाडलंय. त्यात मी खुशाल आहे, जेवण पोटभर मिळतं आणि इकडे पाऊस कमी आहे, एवढंच आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाकीचं इथे लिहितो. शिरवळचा एक हवालदार रजेवर निघालाय, तो हे साताऱ्याच्या पोस्टात टाकणार आहे, म्हणून साहेबांच्या कात्रीची भीती नाही. तरी ठिकाण लिहीत नाही. समुद्रकाठी आहे, एवढं समज.

आबांना वाटतं मी पलटणीचं गोदाम राखतोय. खरं म्हणजे मी आणि आपल्या आळीतला गुंडा, दोघं मे महिन्यापासून नावेवर आहोत. पोहणारे कोण कोण म्हणून विचारलं, तेव्हा गुंड्यानं एक हात स्वतःचा वर केला आणि दुसऱ्या हातानं माझा. कृष्णाकाठचे म्हटल्यावर साहेबांना वाटलं, हे मासेच आहेत.

नाव कसली म्हणशील, तर लाकडी फासळ्यांवर ताणलेलं रबरी कापड. घडी घातली की पिशव्यांत मावते. लांबीला अडीच खाटा आणि रुंदीला माणूस कसाबसा बसेल एवढी. पुढे गुंडा, मागे मी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. लाट आत येऊ नये म्हणून कमरेभोवती कापडाचा घोळ घेऊन नाडीनं आवळतात. या नावेत माणूस बसत नाही, नाव नेसतो. आम्ही असे दहा-दहा मैल समुद्रात जातो, एखाद्या खडकाळ बेटावर भात शिजवून खातो आणि परत येतो. पाणी इतकं स्वच्छ की खाली आपल्याच नावेची सावली चालताना दिसते. तिथवर सगळं छान आहे.

पण नाव उलटली तर बाहेर यायचं नाही, असा साहेबांचा हट्ट आहे. उलटं राहायचं आणि पाण्याखालूनच वल्हं फिरवून, कंबरेला हिसका देऊन नावेसकट सुलटं व्हायचं. बर्फाच्या मुलुखातले शिकारी असंच करतात म्हणे. साहेब याला रोल म्हणतात, आम्ही पलटी म्हणतो. शत्रूच्या किनाऱ्यासमोर नाव सोडून पोहत बसलं तर नाव जाते आणि माणूसही जातो, हे मला पटतं. साहेब स्वतः तर कुशीवर वळल्यासारखे वळतात. गुंड्याला चौथ्या दिवशी जमलं.

मला जमत नाही. उलटा झालो की दोन्ही हात वल्हं सोडून कमरेच्या नाडीकडे जातात. आक्का, मी ठरवून जातो की हात हलवायचे नाहीत. तरी जातात. मग धडपडून, नाडी ओरबाडून, नाकातोंडात खारं पाणी घेऊन मी वर येतो आणि काठावर गुंडा मान खाली घालून उभा असतो.

का ते तुला सांगायला नको. नागपंचमीला आई आपल्या दोघांना घेऊन मामाच्या गावाला निघाली होती, पूर चढला होता, आणि केरबा नावाड्याची काहील उलटली. इथल्या मुंबईकराला मी सांगितलं की आमच्याकडे गूळ करायच्या लोखंडी काहिलीत बसून पूर ओलांडतात, तर तो हसून लोळायला लागला. लहान पोराला काहिलीच्या कडीला बांधायची रीत, म्हणून केरबानं मला बांधलं होतं. आई गेली. मी नऊ वर्षांचा होतो. मला फक्त कमरेची ती गाठ आठवते. मग एकदम काठावरचा चिखल. मधलं काहीच आठवत नाही. मी त्या पाण्याखालून वर कसा आलो?

ते एकट्या केरबाला माहीत आहे. मला बाहेर काढणारा तोच. आबांनी त्याचं तोंड पाहणं सोडलं हे मला माहीत आहे, तरी तू त्याला विचार. मधलं कळलं तर माझे हात जागेवर राहतील, असं मला वाटतं. दसऱ्यापर्यंत मुदत आहे. नाही जमलं तर मला परत धाडतील आणि गुंडा कुणातरी नवख्याबरोबर जाईल. कुठे जाईल ते लिहिता येत नाही.

तुझा
जोतीराम


बोरखडी, २५ जुलै १९४४

चिरंजीव जोतीस आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एकटीनंच वाचलं, चुलीपुढे बसून, आणि भाकरी करपली. तुझ्या दाजींनी विचारलं, कुणाचं पत्र? म्हटलं, जोत्याचं, गोदामात उंदीर फार झालेत म्हणतो.

आज नागपंचमी. बायका फेर धरायला बोलावून गेल्या. मी गेले नाही, हे त्यांनाही आता सवयीचं झालंय. आबांची तब्येत बरी आहे. ऊस डोक्याएवढा झालाय. मागच्या आदितवारी कुरणवाडीला जाऊन आले, नेहमीसारखी सांगलीच्या पुलावरून. चौदा मैलांचा वळसा पडतो आणि गाडीवान दर वेळी म्हणतो, बाई, समोर तर माहेर दिसतंय. त्याला काय सांगायचं.

केरबाची भेट झाली नाही. तो म्हसवडला लेकीकडे गेलाय म्हणे, कधी येईल ते कुणाला माहीत नाही.

आणि जोती, मला एक सांग, ते जमलंच पाहिजे असं आहे का? अंथरूण पाहून पाय पसरावेत. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट येत नाही. मला अजून पुरणपोळी लाटता येत नाही, म्हणून मला कुणी घराबाहेर घातलं का? साहेबांना स्पष्ट सांग, माझ्या मनात भीती बसली आहे. ते काय फासावर देणार आहेत? परत धाडलं तर धाडलं. गोदामात खरंच उंदीर असतील, ते मार. गुंडा हुशार आहे, त्याचं तो बघेल.

वाईट वाटून घेऊ नकोस. आई असती तर तिनं हेच लिहिलं असतं.

तुझी
आक्का


१३ ऑगस्ट १९४४

आक्का,

दंडवत. हे पत्र कात्रीखालून येईल. खिडक्या पडल्या तर त्यातून बाहेर बघ.

तू खोटं का लिहिलंस? गुंड्याच्या आईचं, धोंडुबाईंचं पत्र आलं. मास्तरांकडून लिहून घेतलंय. त्यात आहे की केरबा पंचमीच्या आदल्या दिवशी दारात येऊन दोन वाम मासे देऊन गेला आणि गुंड्याची चौकशी केली. म्हणजे तो गावातच आहे. म्हसवडला त्याची लेक नाहीच, ती विट्याला दिली आहे. लबाडी करायची तर निदान गाव तरी नीट लिहायचं.

तुझ्या मनात केरबाबद्दल राग आहे, हे मी समजतो. आईला न काढता त्यानं मला काढलं, असं लोक बोलले. माझ्याही मनात कधीकधी येतं. पण तेरा वर्षांचा राग आणि माझा जीव, यात तू राग निवडलास, याचं मला फार वाईट वाटलं.

इकडची गत सांगतो. पहिल्यांदा फक्त साहेब आणि गुंडा बघायचे, आता सगळी तुकडी बघते. मला एकट्याच्या छोट्या नावेत बसवतात आणि उलटं करतात. काल अकरा वेळा केलं. अकरा वेळा हात नाडीकडे. परवा बेळगावकडचा एक गडी असाच उलटा राहिला. साहेबांनी उडी मारून काढला तेव्हा ओठ निळे पडले होते. वाचला, पण आता तो पाण्याकडे पाठ करून जेवतो. मला रात्री झोप लागत नाही, आणि लागली की काहिलीच्या लोखंडाचा वास येतो.

गुंड्यानं काल मला धरून विचारलं, "गड्या, खरं सांग, तुला यायचंच न्हाई का? तसं आसंल तर मला आत्ता सांग. मी दुसऱ्यासंगं जाईन, पर मला नवा मानूस वळखायला चार दिस तरी पायजेत." मी म्हणालो, यायचंय. तो म्हणाला, "मग वर यं की रं!" आणि रडायला लागला. गुंड्याला रडताना तू कधी पाहिलंयस?

तू लिहितेस, गुंड्याचं गुंडा बघेल. दोघांच्या नावेत मागच्यानंच पलटी मारायची असते. पुढचा त्याच्या भरवशावर उलटा लटकलेला असतो.

दसऱ्याला दीड महिना आहे. पत्राला जायला-यायला तेवढाच वेळ लागतो. आता तरी जा.

जोतीराम


बोरखडी, १ सप्टेंबर १९४४

जोती,

तुझं पत्र काल मिळालं. तीन खिडक्या आहेत, पण कळायचं ते कळलं. लगेच लिहिते आहे, मध्ये थांबले तर धीर सुटेल.

केरबावर माझा राग कधीच नव्हता. तुला केरबानं बांधलं नव्हतं. मी बांधलं होतं.

मी तेरा वर्षांची होते. केरबा वल्हं बघत होता, आई गाठोडं सांभाळत होती. काठावरून कुणीतरी ओरडलं, "पोराला बांधा, घट्ट बांधा!" दोरी माझ्या हाताशी होती. मी बांधली. सुरगाठ मला येत नव्हती. वासराला दाव्याला बांधतात तशी निरगाठ मारली, ओढेल तशी आवळणारी, आणि वर आणखी एक मारली. मला अभिमान वाटला होता, इतकी घट्ट बसली होती. मग ते वाहतं झाड आलं. मी झाडाला धरून राहिले आणि लोकांनी मला ओढून घेतलं. केरबा तुझ्यासाठी पालथ्या काहिलीखाली गेला. तो तिथे किती वेळ होता, जोती! माझी गाठ सुटेना म्हणून तो तिथे होता. तेवढ्यात आई वाहून गेली.

मला नंतर आठ दिवस ताप होता. उठले तेव्हा गावात ठरून गेलं होतं की गाठ केरबाची. पंचांनी त्याच्याकडून काहील काढून घेतली. मी गप्प बसले. एक दिवस गप्प बसले की दुसरा दिवस सोपा जातो. तेरा वर्षं अशीच गेली. म्हणून मी पुलावरून जाते. मला पाण्याची भीती वाटत नाही, केरबाच्या दारावरून जायची भीती वाटते.

आणि आणखी एक कबूल करते. मला वाटत होतं तुला जमू नये. तुला परत धाडावं. गुंड्याला आई आहे हे मी मुद्दाम विसरले होते.

तुझं पत्र वाचून कालच निघाले. पूर चढलाय, सांगलीचा रस्ता पाण्याखाली, पूल गाठायचा प्रश्नच नव्हता. नदी ओलांडायच्या उतारावर आता केरबाचा पुतण्या अर्जुना काहील चालवतो. मी आत बसले तेव्हा तो म्हणाला, "आक्का, लय थरथरताय, कडीला बांदू का?" मी इतक्या जोरात नको म्हणाले की बाकीची माणसं हसली. पलीकडे पोचेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

केरबा दारात जाळं विणत होता. म्हातारा झालाय. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पान्याखाली हात लावला तवाच कळलं. नाववाला मानूस निरगाठ कवा मारंल व्हय? आनि पंचांम्होरं सांगनार कुनाला? आई मेलेल्या पोरीवर घालू?"

मी रडायला लागले तर तो चिडला. "आता रडून काय? तेरा वर्सं मी त्या कायलीला हात लावला न्हाई. माजी कारभारीन मरताना म्हनली, तुमी खरंच बांदलं का वं? तिलाबी माजं खरं वाटलं न्हाई. ती वर्सं भरून दे मला."

मग मी तुझं पत्र काढलं आणि तुझी गोष्ट त्याला वाचून दाखवली. दोन वेळा वाचायला लावली. वल्ह्याला दोन्हीकडे पाती आहेत हे त्याला फार आवडलं. मग त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते:

"त्याला म्हनावं, तू वर यायला बघत हुतास, म्हनून बुडत हुतास. डोकं वर काडायला धडपडायचास, तशी दोरी आवळायची. मी तुजं डोकं धरून खाली दाबलं. लय लाता मारल्यास मला. डोकं खाली गेलं तशी दोरी सैल झाली, मग गाठीत बोट शिरलं. आदी कंबर सुटली, मग अंग आलं, डोकं सगळ्यात शेवटी आलं. पान्यात डोकं शेवटी आनायचं असतं. म्हस बग की, डोहात लोळून उठती तवा आदी कूस वर काडती. डोकं शेवटी."

त्यानं तुझ्यासाठी हे सांगितलं. माझ्यासाठी एकच म्हणाला, "तुज्या आबाला सांग. गावाला न्हाई सांगितलंस तरी चालंल. आबाला सांग."

मी अजून सांगितलेलं नाही. आबांपुढे गेले, ताकाचा पेला दिला आणि परत आले. तुझं काय म्हणणं ते कळव. तू आता मला आक्का म्हणशील की नाही, तेही कळव.

विजयमाला


२४ सप्टेंबर १९४४

आक्का,

दंडवत, आणि हाक तीच, हे आधी घे.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. परीक्षा सोमवारी, म्हणजे उद्या. पण मला जमलंय. काल सकाळी जमलं, आज सहा वेळा जमलं. आता पहिल्यापासून सांगतो.

मी उलटा झालो. हात नाडीकडे निघाले. मी मनात केरबाला म्हणालो, दाब. आणि डोकं वर काढायच्या ऐवजी मुद्दाम आणखी खाली घातलं, पार नावेच्या कुशीला लावलं. आक्का, खरंच सगळं सैल झालं. नाडी पोटाला काचत होती ती काचेना. हात आपोआप वल्ह्यावर परत आले. वल्हं पाण्याच्या अंगावर पसरलं, कंबरेला हिसका दिला, नाव फिरली, मग अंग आलं. डोकं शेवटी. डोळ्यांत ऊन शिरलं तेव्हा मला कळलं की मी वर आहे. साहेब म्हणाले, इतके दिवस मी हेच सांगत होतो. सांगत असतील. त्यांच्या हातून मी कधी वाचलेलो नव्हतो ना.

आता माझं ऐक. गाठ तू मारलीस हे मला माहीत होतं.

मी समोरच बसलो होतो की. जीभ दातात धरून तू गाठ मारत होतीस, लुगडं शिवताना धरतेस तशी. पंच आले तेव्हा तू घोंगडीत तापानं फणफणत होतीस. त्यांनी मला विचारलं, कुणी बांधलं? आबा पुढ्यात बसले होते. मला वाटलं, आई गेली, आता आक्कालाही नेतील. मी म्हणालो, केरबानं. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. पुढे सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. तुलाही मी पहिल्या पत्रात तेच लिहिलं, बघ.

तेव्हा तू गप्प बसलीस आणि मी बोललो. जास्त वाईट काय ते तू ठरव. आबांना सांगायचंच असेल तर माझं नाव आधी घे. मी तिथे असतो तर तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो.

आम्ही लवकरच इथून हलू. काही दिवस पत्र येणार नाही. किती दिवस ते मलाही माहीत नाही. गुंडा नमस्कार सांगतो. तो म्हणतो, केरबाला सांगा, सुटून आलो की दोन वाम मी देईन.

जोतीराम


बोरखडी, २० ऑक्टोबर १९४४

जोती,

तुझ्या फौजी पत्त्यावरच टाकते आहे. कुठेतरी गाठेल.

आबांना सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मळ्यात. तुझं नाव आधी घेतलं नाही, रागावू नकोस. ते पाटाला दार मोडून उसात पाणी वळवत होते. सगळं ऐकलं, फावडं बांधावर ठेवलं आणि पाणी तसंच सोडून घरी गेले. त्याला आता तीन आठवडे झाले. मी दोनदा जाऊन आले. मी दिसले की ते गोठ्यात जातात. दिवाळीला माहेरचं बोलावणं आलं नाही.

काल भाऊबीज झाली. चंद्राला ओवाळलं. ढग होते, बराच वेळ ताट घेऊन अंगणात उभी राहिले. दाजी म्हणाले, आत ये, निघेल तो. निघाला एकदाचा.

तू कुठे आहेस?

आक्का


बोरखडी, २८ नोव्हेंबर १९४४

जोती,

दोन महिने झाले. धोंडुबाईंनाही गुंड्याचं पत्र नाही. कुरणवाडीचं टपाल इकडूनच जातं, म्हणून त्या रोज नदी ओलांडून इथे पोस्टमनच्या वाटेवर येऊन बसतात आणि मी त्यांच्याशेजारी बसते. पोस्टमन आता आमची आळी टाळून मागच्या बोळानं जातो.

काल आबा बोरखडीत आले होते. दारापर्यंत आले. पत्र आलं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तसेच वळले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

दोन ओळी लिही. नुसतं नाव लिही.

आक्का


९ डिसेंबर १९४४

आक्का,

मी जिवंत आहे, गुंडा जिवंत आहे. धोंडुबाईंना आधी जाऊन सांग, मग पुढचं वाच.

मी इस्पितळात आहे. उजव्या कानाचा पडदा फाटलाय, छातीत पाणी झालं होतं, आता उतारावर आहे. काय करायला गेलो होतो ते लिहीत नाही, लिहिलं तर खिडकीच पडेल. ते काम झालं. परत येताना दिवस उजाडत होता आणि एका नदीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. नाव उलटली. मी पलटी मारली, दोघंही वर आलो. गुंडा "व्हय रं वाघा!" म्हणून ओरडला आणि दुसरी लाट आली. या वेळी वल्हं मोडलं. अर्ध्या वल्ह्यानं दोघांची नाव फिरेना. मी माझी नाडी सोडून बाहेर आलो. नाडीला ओढायचा फास असतो, एका झटक्यात सुटतो.

गुंडा आला नाही. मी खाली गेलो. त्याचा फास सारखा सुटायचा म्हणून त्या गाढवानं वर निरगाठ मारून ठेवली होती. आक्का, मी हात लावला आणि मला कळलं. तो वर यायला धडपडत होता आणि गाठ आवळत होती. मी त्याचं डोकं धरून खाली दाबलं. त्यानं मला बुक्क्या मारल्या. कानावर बसली ती त्याचीच बुक्की. मग बोट शिरलं.

ते किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. त्या वेळात मला समुद्र दिसत नव्हता, किनारा दिसत नव्हता, आमच्यामागची दुसरी नाव बुडाली तीही मला नंतर कळली. त्यातला एक जण गेला. मी चार हातांवर होतो आणि मला तो दिसला नाही. फक्त गाठ होती.

केरबानं आईकडे बघितलं नाही असं लोक म्हणतात ना? त्याला आई दिसलीच नसेल. हे त्याला सांग. आणि आबांना सांग. मला आता ते माहीत आहे.

गुंडा इथे सगळ्यांना सांगत फिरतोय की ह्यानं मला बुडवायला बघितलं. फेब्रुवारीत रजा मिळेल असं डॉक्टर म्हणतात.

जोतीराम


कुरणवाडी, २ जानेवारी १९४५

चिरंजीव जोतीरामास,

आबा सांगतात ते मी लिहिते आहे. त्यांनी बजावलंय की एक अक्षर गाळायचं नाही आणि मधे रडायचं नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. इथून पुढे सगळे त्यांचे शब्द.

तुजं पत्र विजीनं वाचून दावलं. गोदामाचं खोटं सांगितलंस, त्याचं आल्यावर बगू. कान जपून ऱ्हा. थंड पानी कानात जाऊ दिऊ नगंस.

गाठीचं विजीनं सांगितलं तवा मी तिच्यासंगं बोललो न्हाई. तिला वाटलं मी तिच्यावर रागावलो. लिव्ह, विजे. काठावरनं घट्ट बांदा म्हनून वरडला त्यो मी हुतो. केरबा म्हनत हुता, मालक, नगं, पोर मोकळं ऱ्हाऊ द्या, पानी लय हाय. मीच वरडलो, बांदा, घट्ट बांदा. पोरीनं बापाचं ऐकलं. पंचांनी विचारलं तवा मी म्होरं बसलो हुतो आनि माज्या नऊ वर्साच्या पोरानं खोटं सांगितलं, ते मला आयतं सापडलं. तेरा वर्सं मी त्या मानसाचं तोंड बगितलं न्हाई. मला बगवत नव्हतं म्हनून बगितलं न्हाई. लोकांला वाटलं राग हाय.

पुनवेला मी केरबाच्या दारात गेलो. तुजं पत्र विजीकडनं त्याला वाचून दावलं. तुला त्यो बुडनारा गडी दिसला न्हाई, त्या वळीला त्यानं जाळं बाजूला ठिवलं. मग मी सांगितलं वरडलो ते. त्यो म्हनला, मला म्हाईत हाय, मी आयकलं हुतं. त्याला समदंच म्हाईत हुतं बग. मी पाया पडाय वाकलो तर म्हनला, सोंगं करू नगा मालक, कायल द्या. दुसऱ्या दिशी चावडीत सांगितलं. अर्जुनानं आपसूक कायल दिली. म्हाताऱ्याचं हात थरथरत्यात पर वल्हं अजून सरळ पडतं. पयल्या खेपंला मी बसलो. विजीबी बसली.

तू रजंवर येशील तवा पुलावरनं येऊ नगंस. उतारावर यं. पूर नसतोय तवा, नाव बी असती, चालतबी येता येतं. पर केरबा हट्टाला पेटलाय, जोतीला कायलीतनंच आनतो म्हनतो. त्यानं मला विचारलं, पोराला कडीला बांदायचं का मोकळं बसवायचं? मी म्हनलो, मला इचारू नगं. त्यालाच इचार.